बाबांचा खोकला आणि ब्विंडीचे गोरिला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टमध्ये तुम्ही घरचे सहाजण पुण्याहून युगांडाला, ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला निघालाय. परमिटांचे पैसे भरून झालेत. बाबा ७१ वर्षांचे. त्यांचा खोकला पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत रेंगाळतो. टूरवाल्याने सांगितलं, सकाळी गोळी घेऊन जा, तिथे कोणी तपासत नाही. धाकटा मुलगा १३ वर्षांचा आहे. शिवाय शेवटी तुम्ही विचारलंय की माणसं रोज उठून त्या प्राण्यांना बघायला जातात, त्याने त्यांचं भलं होतं की नुकसान?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पशुवैद्य आहे. सहा वर्षं सांगलीकडे गाई-म्हशींमध्ये काढली आणि गेली चौदा वर्षं युगांडाच्या राजधानीत, कंपालात आहे. पोट भरतं ते दुभत्या जनावरांवर. वर्षातून पाच-सहा वेळा आपल्याकडून येणारे गट घेऊन ब्विंडीला जातो. गोरिलांवर मी उपचार करत नाही, ते काम तिथल्या खास डॉक्टरांचं. पण रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे बघण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून हे उत्तर लांबलचक लिहितोय.

मुलाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात परिस्थितीवर अवलंबून असं काहीच नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना गोरिलांकडे नेत नाहीत. युगांडात नाही, शेजारच्या रवांडातही नाही. परमिट पासपोर्टच्या तपशिलावर निघतं, तेव्हा त्याच्या नावाचं परमिट खरंच निघालंय की फक्त पैसे घेतलेत, हे आजच विचारा. पोर काटक आहे, चालेल, हे मुद्दे इथे चालत नाहीत. डोंगर चढण्याचा भाग आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे शाळकरी मुलांच्या अंगात कायम काही ना काही साथ फिरत असते. तिथून बाबांच्या खोकल्याकडे येऊ.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माणसाचा आजार गोरिलाला होतो का, आणि झाला तर त्याची किंमत काय? होतो. नेहमीची सर्दीसुद्धा होते. २००९ मध्ये रवांडात हिर्वा नावाच्या कळपात श्वसनाच्या आजाराची साथ आली. बारापैकी अकरा गोरिला खोकू-शिंकू लागले. एक मादी आणि एक तान्हं पिल्लू दगावलं. तपासात जो विषाणू सापडला तो माणसांत सर्दी-खोकला करणारा होता. आपल्या घरात एखाद्या पोराला तो झाला तर आपण वाफ देतो, चार दिवसांनी शाळेत पाठवतो. त्याआधी १९८८ मध्येही रवांडातल्या गोरिलांत अशीच साथ आली होती. तेव्हा गोवराची शंका आल्यामुळे जंगलात जाऊन त्यांना डार्टमधून गोवराची लस टोचावी लागली. आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाला, ते वृत्त तुम्ही तेव्हा वाचलंही असेल.

असं का होतं? जनुकांच्या हिशोबाने गोरिला आपल्याला इतका जवळचा की फरक जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात. जे विषाणू आपल्या घशात घर करतात त्यांना त्याच्या घशातही तीच दारं उघडी मिळतात. पण आपण लहानपणापासून शंभर सर्द्या काढलेल्या असतात, त्याने त्यातली एकही काढलेली नसते. म्हणजे आजार आपला आणि प्रतिकारशक्ती मात्र त्याच्याकडे नाही.

त्यात त्यांची राहण्याची पद्धत बघा. एका कळपात साधारण दहा-बारा जीव: एक सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला पूर्ण वाढीचा नर, कधी जोडीला दुसरा नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं. सकाळी खातात. एकटा नरच दिवसाला पंधरा-वीस किलो पाला, देठ, साली फस्त करतो. मग दुपारी सगळे एका जागी पसरतात. पिल्लं नराच्या पोटावर चढतात, माद्या एकमेकींचे केस विंचरतात, कोणाचं तोंड कोणाच्या मानेपाशी. संध्याकाळी प्रत्येक मोठा गोरिला पानं-फांद्या वाकवून स्वतःचं नवं अंथरूण करतो, आणि तान्हं पिल्लू तीन-चार वर्षांचं होईपर्यंत आईच्याच अंथरुणात झोपतं. हे दृश्य बघताना डोळे भरून येतात, मी कितीदा पाहिलं तरी येतात. पण माझ्यातला पशुवैद्य तेच दृश्य बघून घाबरतो. एकाला झालं की सगळ्यांना होणार.

सांगलीत कोणाच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत आली की औषधाआधी मी एकच सांगायचो: आजारी जनावर वेगळं बांधा. जंगलात ते जमत नाही. आजारी पिल्लाला आईपासून कोण काढणार? दीडशे-पावणेदोनशे किलोच्या सिल्व्हरबॅकसमोरून तर नाहीच. डॉक्टर जातात, लांबून नजर ठेवतात, फारच झालं तर डार्टमधून अँटिबायोटिक देतात. ते दुय्यम जंतुसंसर्गावर चालतं, मूळ विषाणूवर नाही. आणि प्रत्येक डार्टचा कळपाला धक्का बसतो तो वेगळाच. म्हणून इथे वेगळं बांधायचं जनावर म्हणजे आपण, भेटायला आलेलो माणूस. दुसरा उपायच हातात नाही.

आता किंमत. पर्वतीय गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी उरलेत. एक म्हणजे युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सीमेवरचे विरुंगाचे ज्वालामुखी डोंगर, आणि दुसरं ब्विंडी. विरुंगात २०१५-१६ च्या मोजणीत ६०४ मिळाले, ब्विंडीत २०१८ च्या मोजणीत ४५९. मिळून १,०६३. हे कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जे गोरिला आहेत ते मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातल्या सखल जंगलातले, वेगळ्या जातीचे. मादीला पहिलं पिल्लू होतं ती दहा वर्षांची झाल्यावर. साडेआठ महिने गरोदर राहते, आणि पुढचं पिल्लू साधारण चार वर्षांनी. बरीच पिल्लं लहानपणीच जातात. एका मादीच्या हयातीत तीन-चार पिल्लं मोठी झाली तर पुष्कळ. हिर्वा कळपात गेलेली ती एक मादी म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचा वंश होता. आणि कळपाचा मुख्य नर गेला, त्याची जागा घ्यायला दुसरा नसला, तर कळप फुटतो, माद्या दुसऱ्या नरांकडे जातात आणि तो नवा नर पुष्कळदा त्यांची तान्ही पिल्लं मारतो. एका खोकल्याचा हिशोब असा लांबपर्यंत जातो. पर्वतीय गोरिलांच्या मृत्यूंच्या कारणांत जखमांनंतर दुसरा क्रमांक श्वसनाच्या आजारांचाच लागतो.

म्हणून गोळीचा सल्ला मला फार लागला. क्रोसिन ताप उतरवते, विषाणू उतरवत नाही. खोकल्याचं औषध खोकला दाबतं, श्वासातून बाहेर पडणारे तुषार थांबवत नाही. गोळी घेतलेला माणूस निघण्याआधीच्या तपासणीतून सुटतो आणि गोरिलापुढे उभा राहतो, इतकंच त्या गोळीने होतं. ज्याने हा सल्ला दिला तो ज्याच्यावर पोट भरतो त्याच्याच मुळावर उठलाय.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. मास्क सक्तीचे व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या गटातल्या एका गृहस्थांना आदल्या रात्रीपासून कणकण होती. ते बोलले नाहीत, आणि नाश्त्याला त्यांचा आवाज बसलेला ऐकूनही मी विचारलं नाही. एवढ्या लांबून आलेत, आयुष्यातलं स्वप्न आहे, कसं थांबवायचं, असं मला वाटलं. जंगलात तीन तास चालल्यावर कळप भेटला. दीड-दोन वर्षांचं एक पिल्लू कुतूहलाने पुढे पुढे आलं, आणि ते गृहस्थ त्याच्यापासून दोन हातांवर असताना खोकले. रेंजरने त्यांना लगेच मागे नेलं. पुढचे वीस दिवस मी ट्रॅकरला, म्हणजे रोज त्या कळपाच्या मागावर असणाऱ्या माणसाला, एक दिवसाआड फोन करत होतो, नाक वाहतंय का, खातायत का. कळपाला काही झालं नाही. तो नशिबाचा भाग होता, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाला एकेकटं बाजूला घेऊन विचारतो. चौघांसमोर विचारलं तर कोणी खरं सांगत नाही.

अंतराचा नियम आधी सात मीटरचा होता, कोविडनंतर युगांडात तो दहा मीटरचा झाला आणि मास्क सक्तीचा झाला. एका कळपाकडे दिवसातून एकच गट, त्यात जास्तीत जास्त आठ माणसं, आणि भेट एक तासाची. कागदावर सगळं चोख आहे. प्रत्यक्षात ब्विंडीचा उतार इतका तीव्र आणि झाडी इतकी दाट की दहा मीटरवरून पुष्कळदा फक्त पानं दिसतात. माणसं पुढे सरकतात, गोरिला स्वतःही जवळ येतात. इन्स्टाग्रामवरचे पर्यटकांचे ८५८ फोटो तपासणारा एक अभ्यास झालाय. त्यातल्या ८६ टक्के फोटोंत माणूस गोरिलापासून चार मीटरच्या आत होता. पिल्लू जवळ आलं तर हात पुढे करू नका, शांतपणे मागे व्हा. नराने छाती बडवली, धावून आल्यासारखं केलं, तर पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे. बहुतेक वेळा तो अर्ध्यात थांबतो. आणखी एक. गोरिला आपसांत तंबी देतात तो आवाज तुटक खोकल्यासारखाच असतो. म्हणजे खोकणारा माणूस त्यांना रोगही देतो आणि त्यांच्या भाषेत दटावतोही. आमचे रेंजर कळपाजवळ जाताना घशातून खोल, लांबट हुंकार देतात. तो समाधानाचा आवाज, ‘आम्हीच आहोत’ असं सांगणारा.

आता बाबा. इथे मात्र सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी त्यांना तपासलेलं नाही. दरवर्षी पावसाळ्यात येणारा आणि दिवाळीपर्यंत टिकणारा खोकला संसर्गाचाच असतो असं नाही. दमा असेल, बुरशीची ॲलर्जी असेल. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तिच्यानेही कोरडा खोकला येतो, आणि डॉक्टरांनी ती बदलून दिली की काही आठवड्यांत जातो. वेळ आहे, तेव्हा आत्ताच त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि कारण शोधा. संसर्ग नाही असं निघालं तर तसं पत्र इंग्रजीत घ्या आणि ते पत्र सकाळी स्वतःहून रेंजरला दाखवा. तरीही ऐनवेळी त्याने नको म्हटलं तर वाद घालायचा नाही. खोकला कशाचा आहे हे त्याला जंगलात कळणार नाही, आणि त्याने धोका पत्करू नये हेच बरोबर आहे. आणि निघायच्या आठवड्यात ताप, घसादुखी, वाहतं नाक, जुलाब यातलं काही झालं, तर पत्र असो नसो, जायचं नाही. हे बाबांना लागू तसं तुम्हा सगळ्यांनाच. निघण्याआधी स्वतःहून सांगणाऱ्याला पैशांचा काही भाग परत किंवा तारीख बदलून मिळते का, हे टूरवाल्याकडून आत्ताच लेखी घ्या. एका परमिटाचे ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास रुपये. एवढे पैसे बुडतील या भीतीनेच माणसं खोटं बोलतात, म्हणून तो प्रश्न आधीच सोडवून ठेवा.

बाबांबद्दल आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. युगांडासाठी पिवळ्या तापाची लस लागते, निदान दहा दिवस आधी. तिचा दाखला नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पण साठीपुढच्या माणसांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. त्यांची सगळी औषधं दाखवून, डॉक्टरांशी बोलून मगच टोचून घ्या. चालण्याची काळजी मात्र कमी करा. सकाळी गट पाडताना वय सांगितलं तर जवळचा कळप देतात. काठी मिळते, सामान उचलायला गावातली माणसं मिळतात, आणि अगदीच झेपेनासं झालं तर खुर्चीसारख्या डोलीतून नेतात. तिथली मंडळी तिला हेलिकॉप्टर म्हणतात. सामान उचलणारा माणूस गरज नसली तरी घ्या. ती कमाई सरळ गावात जाते.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. मी त्यावर बरीच वर्षं विचार केलाय.

पर्यटनाचा पैसा नसता तर हे गोरिला आज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. विरुंगात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीचशेच्या आसपासच उरले होते. तिथल्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की माणसाची सवय झालेले, रोज पहारा असलेले कळप वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढत होते, आणि सवय नसलेले ०.७ टक्क्यांनी घटत होते. आपण बघितल्याने ते वाढले नाहीत. वाढले ते रोज कळपामागे चालणारे ट्रॅकर, फासे काढणारी पथकं आणि वेळेवर पोचणारे डॉक्टर यांच्यामुळे. हे फासे हरणांसाठी, रानडुकरांसाठी लावलेले असतात, अडकतात गोरिलाचे हातपाय. या सगळ्याचा पगार पुष्कळसा परमिटातून निघतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये पर्वतीय गोरिलांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ अशी झाली, म्हणजे धोका एक पायरी कमी झाला. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान अशा मोठ्या वानरांत अशी चांगली बातमी क्वचितच येते. त्यांचाच भाऊबंद असलेल्या पूर्व काँगोच्या सखल जंगलातल्या गोरिलांवर युद्ध आणि खाणींमुळे काय वेळ आलीय ते बघितलं की फरक कळतो.

पण सवय लावण्याची किंमतही गोरिलाच मोजतो. एका कळपाला माणसाची सवय लावायला दोन वर्षं, कधी जास्त लागतात, आणि त्या काळात त्यांची भीती हळूहळू संपते. भीती हेच त्यांचं कवच होतं. ब्विंडीतल्या न्कुरिंगो कळपाचा रफिकी नावाचा सिल्व्हरबॅक जून २०२० मध्ये, पर्यटन बंद असताना, भाल्याने मारला गेला. मारणारा रानडुकराच्या शिकारीला आला होता. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. रफिकी माणसाला घाबरत नव्हता, कारण आम्हीच त्याला न घाबरायला शिकवलं होतं. ती बातमी आली त्या दिवशी मला काही सुचलं नव्हतं.

आणि सवय झालेला गोरिला जंगलाबाहेर येतो, केळीच्या बागेत शिरतो, खोडाचा गाभा खातो. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या एका कळपाला खरूज झाली, अंगावरचे केस गेले, एक पिल्लू मेलं. युगांडाच्या वन्यजीव खात्याच्या पहिल्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी ती साथ हाताळली. खरूज आली होती गावातून, बहुधा शेतातल्या बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या कपड्यांतून. गावात साबण आणि दवाखाना नसेल तर जंगलातला गोरिला निरोगी राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि २००३ मध्ये माणसांचं आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र बघणारी संस्था काढली. माझ्या धंद्यातला मला माहीत असलेला हा सर्वांत शहाणा विचार आहे. त्याच गावांत बत्वा लोकही राहतात. पिढ्यान् पिढ्या या जंगलात राहिलेल्या बत्वांना १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर बाहेर काढलं. त्यांना मिळालं फार थोडं. पर्यटनाचं भलं-बुरं तोलताना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तेव्हा नुकसान की भलं, याचं माझं उत्तर असं: तुमचे पैसे भलं करतात आणि तुमचा श्वास नुकसान करू शकतो. पैसे पोचवायचे आणि श्वास मास्कमागे, दहा मीटरवर ठेवायचा, एवढं तुमच्या हातात आहे. मुलगा येणार नाही, बाबांच्या खोकल्याचं कारण आत्ता शोधायचं, कोणीही आजारी पडलं तर त्याने मागे राहायचं, आणि पैशाचं बोलणं आधी लेखी.

मागे राहणाऱ्याचा दिवस फुकट जातो असं समजू नका. मुलाजवळ कोणीतरी थांबणारच आहे, गरज पडली तर बाबाही थांबतील. ब्विंडीच्या कडेला बुहोमा म्हणून गाव आहे, त्या बाजूला उतरलात तर गावातून एक छान फेरी होते. चहाचे मळे आहेत, केळ्यांची दारू काढणारी घरं आहेत, आणि पलीकडे धुक्यात जंगलाची भिंत उभी असते. ताप नसेल, पाय धड असतील तर सकाळी नऊला निघून दुपारच्या जेवणाला परत. बाबांना पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण द्या बरोबर, आणि मुलाच्या हातात एक वही.